वेणुवादक पन्नालाल घोष

माणसांच्या जगाप्रमाणे वाद्यांच्या जगातही उच्चनीच भाव पुरातन काळापासून नांदत आला आहे. बीन, सतार, सरोद यांस राजदरबारी मानाचे आसन मिळाले. सारंगीस गायकाच्या पाठीमागे का होईना, पण दिवाणखान्यात प्रवेश मिळाला. बासरी मात्र गुराख्याच्या हाती रानोमाळ हिंडत राहिली. पुराणांनी तिला श्रीकृष्णाच्या ओठी बसविले, कवींनी तिचे गोडवे गाइले, शिल्पकारांनी तिला देवळांच्या भिंतींवर कोरले. परंतु उत्तर हिंदुस्थानी संगीताच्या मैफलीत तिला स्वतंत्र आसन देण्यास कोणी तयार नव्हते. दक्षिणेत कुंभकोणमचे अंध वादक शरभशास्त्री यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बासरीस मैफलीचे वाद्य करून दाखविले होते. उत्तरेत ते कार्य करावयास पुरुष जन्मास यावयाचा होता. तो पुरुष म्हणजे पन्नालाल घोष होय.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना अंधेरी ते बोरिवली हा आगगाडीचा प्रवास नित्याचा आहे. या वाटेवर मालाड हे स्थानक लागते. मालाडच्या पश्चिम भागात एका रस्त्यास पंडित पन्नालाल घोष यांचे नाव दिलेले आहे. त्या रस्त्याने नित्य हजारो माणसे येतात आणि जातात. परंतु हे गृहस्थ कोण, बंगालच्या पूर्व टोकाकडील मनुष्य आमच्या उपनगरात कसा आला आणि येथे राहून त्याने काय केले, हे सांगू शकणारे फार थोडे आढळतात. आपल्या अंगणातील थोर पुरुषांची ओळख आपणांस नसावी ही गोष्ट भूषणावह नाही. म्हणून त्यांचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

पन्नालालबाबूंचा जन्म १९११ सालच्या जुलै महिन्यात पूर्व बंगालमधील बारिसाल या गावी झाला. हे गाव आता बांगला देशात आहे. त्यांचे पाळण्यातील नाव अमलज्योती असे होते. घराण्यात संगीत मुरलेले होते. आजोबा हरिकुमार घोष हे ध्रुपद गाणारे व पखवाज वाजविणारे, तर वडील अक्षयकुमार घोष हे उत्तम सतारवादक होते. घरात पहाटे सुरांनी जाग यावी आणि रात्री सुरांतच डोळा लागावा, अशा वातावरणात या मुलाचे बालपण गेले. संगीताचे पहिले धडे त्यास वडिलांकडून मिळाले. पाठचा भाऊ निखिल हा पुढे नामांकित तबलावादक झाला. दोघा भावांची ही जोडी ज्या घरात वाढली, त्या घराची संपत्ती पैशांत मोजावयाची नव्हती हे उघड आहे.

बारिसाल हा नद्यांचा मुलूख. गावाजवळून कीर्तनखोला नदी वाहते. मुलाच्या हाती बासरी कशी आली याविषयी दोन आख्यायिका सांगतात. नवव्या वर्षी नदीत पोहत असता एक वेळूची काठी वाहत आली. ती अर्धी काठी आणि अर्धी बासरी अशी होती, आणि मुलाने ती उचलून घरी आणली, ही पहिली. अकराव्या वर्षी एक साधू भेटला. त्याच्या एका हाती शंख व दुसऱ्या हाती बासरी होती. त्याने मुलास बासरी वाजविता येते काय असे विचारले, वादन ऐकून ती बासरी त्यास देऊन टाकली, आणि संगीतच तुझा उद्धार करील असा आशीर्वाद दिला, ही दुसरी. थोर पुरुषांच्या बालपणाभोवती अशा कथांची वेल चढतेच. आम्हांस त्यांपेक्षा एक साधी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. ज्या घरात सतार भिंतीवर टांगलेली होती, त्या घरातील मुलाने सतार बाजूस ठेवून वेळूची नळी उचलली आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत ती खाली ठेवली नाही. वडिलोपार्जित राजमार्ग सोडून पाऊलवाट धरावयाची, तर पायांत बळ आणि मनात निश्चय ही दोन्ही असावी लागतात.

बळाविषयी म्हणाल, तर ते या मुलास भरपूर होते. तारुण्यात पदार्पण करताच पन्नालाल हा बारिसालच्या तालमीत जाऊ लागला. तेथे लाठी फिरविणे आणि मुष्टियुद्ध यांत त्याने प्रावीण्य मिळविले. त्या काळी बंगालमधील तालमी या केवळ शरीर कमावण्याच्या जागा नव्हत्या. देशाच्या स्वातंत्र्याची आकांक्षा तेथील तरुणांच्या मनात पेटलेली होती, आणि त्यामुळे पोलिसांची नजरही त्यांच्यावर असे. पन्नालाल या चळवळीत ओढला गेला, त्याच्या हालचालींवर पाळत बसली, आणि वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास गाव सोडून त्यास कलकत्त्यास यावे लागले.

त्या अफाट शहरात ओळख नाही, पदवी नाही, वशिला नाही. जवळ असलेली विद्या दोन प्रकारची. एक मुठीतली, दुसरी ओठांतली. प्रथम मुठीतली विद्या कामास आली. एका व्यायामसंस्थेत मुष्टियुद्ध शिकविण्याची नोकरी त्याने पत्करली आणि उदरनिर्वाह चालविला. मुष्टियोद्धा आणि बासरीवादक ही दोन रूपे एका देही नांदावी याचे वाचकांस कदाचित नवल वाटेल. परंतु किंचित विचार केला तर त्यात विसंगती नाही. बासरीत सूर निर्माण होतो तो श्वासाने. ज्याची छाती भरदार, ज्याचा दम लांब आणि ज्याचे अंग ताब्यात, त्याचाच सूर न कापता टिकतो. तालमीत घाम गाळून जे मिळविले, ते पुढे मैफलीत व्याजासह परत आले. शरीरशिक्षणाच्या तासास कंटाळणाऱ्या आमच्या मुलांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे.

कलकत्त्यात त्या सुमारास चित्रपटाचा धंदा वाढीस लागला होता. चित्रपट मुके होते तोवर पडद्यासमोर वादक मंडळी बसून प्रसंगानुरूप वाद्ये वाजवीत. १९३१ साली हिंदुस्थानात बोलपट आला आणि चित्रपटसंस्थांना स्वतःचे वाद्यवृंद बाळगणे भाग पडले. त्याच वर्षी कलकत्त्यात बी. एन. सरकार यांनी न्यू थिएटर्स ही संस्था स्थापन केली. तिच्या संगीताची धुरा रायचंद बोराल यांच्याकडे होती. या संस्थेच्या वाद्यवृंदात पन्नालालबाबूंनी बासरीवादक म्हणून काम केले. येथे त्यांच्या आयुष्यातील खरी शाळा सुरू झाली असे म्हणावयास हरकत नाही.

वाद्यवृंदातील वादकाचे जिणे कसे असते याची कल्पना पुष्कळांस नसते. वीसपंचवीस वाद्यांत आपले एक. आपली पाळी येईपर्यंत स्वस्थ बसावयाचे, पाळी आली की क्षणाचाही विलंब न लावता अचूक सुरात शिरावयाचे, आणि सांगितलेला तुकडा संपला की मुकाट्याने बाहेर पडावयाचे. टाळ्या पडल्या तर त्या सर्वांच्या. चूक झाली तर ती मात्र एकट्याची. ऐकणाऱ्यांस वादकाचे नाव ठाऊक नसते, मुखवटाही दिसत नाही. पुष्कळ गुणी माणसे या कामात कुजली, कारण त्यांनी ते केवळ पोटाचे साधन मानले. पन्नालालबाबूंनी त्यास अभ्यासाचे साधन मानले. दुसऱ्या वाद्यांचा आवाज, त्यांची मर्यादा, दोन वाद्ये एकत्र आली असता उमटणारा रंग, हे सारे ते कान देऊन ऐकत राहिले. आणि ऐकता ऐकता आपल्या वाद्याची उणीव त्यांच्या ध्यानात आली.

ती उणीव कोणती हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण पन्नालालबाबूंच्या कीर्तीचा पाया तीत आहे. बासरीचा सूर तिच्या लांबीवर अवलंबून असतो. नळी आखूड असली की सूर उंच व तीक्ष्ण, नळी लांब असली की सूर खालचा व गंभीर. तेव्हा प्रचारात असलेल्या बासऱ्या आखूड होत्या. त्यांवर लोकगीताची धून गोड वाजे, परंतु रागाचा विस्तार करू गेले की वाद्य अपुरे पडे. आपल्या रागदारीत गायक प्रथम खालच्या सप्तकात, म्हणजे खर्जात, संथपणे आलाप करतो. एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जातो, ज्यास आपण मींड म्हणतो. आणि मग पायरीपायरीने वर चढतो. आखूड बासरीस खर्ज नाही. तिची भोके लहान आणि जवळजवळ, म्हणून मींडही मनाजोगी निघत नाही. ज्या वाद्यास पायाच नाही, त्यावर रागाचे मंदिर उभे राहणार कसे? मैफलीने बासरीस बाहेर ठेवले होते ते केवळ अहंकाराने नव्हे; त्यास असे सबळ कारणही होते.

पन्नालालबाबूंनी या नियमाविरुद्ध तक्रार केली नाही. त्यांनी वाद्यच बदलावयास घेतले. धातूच्या नळ्या, निरनिराळी लाकडे, जाड वेळू, पातळ वेळू, असे नाना प्रयोग त्यांनी करून पाहिले. अखेर गोडवा वेळूतच आहे असे ठरले. परंतु हवा तसा वेळू मिळणे सोपे नव्हते. पेर लांब पाहिजे, मध्ये गाठ असता कामा नये, पोकळी सर्वत्र सारखी पाहिजे आणि भिंत पातळ पाहिजे. शेवटी ३२ इंच लांबीची मोठी बासरी त्यांनी सिद्ध केली. तिचा आवाज पुरुषाच्या गळ्यासारखा भरीव व गंभीर होता. आता नवी अडचण उभी राहिली. नळी लांब झाली म्हणजे भोकांमधील अंतर वाढते, आणि माणसाची बोटे तर ईश्वराने दिली तेवढीच लांब असतात. बोटे ताणून, त्यांच्या टोकांऐवजी पेरांनी भोके झाकून, महिनोन् महिने सराव करून त्यांनी हात त्या वाद्यास सरावविला.

याहून सूक्ष्म सुधारणा त्यांनी केली ती सातव्या भोकाची. आपल्या बासरीस फुंकण्याचे भोक सोडले तर बोटांकरिता सहा भोके असतात. ती सहाही झाकली म्हणजे खालच्या सप्तकातील पंचम वाजतो. त्याखाली वाट बंद. पन्नालालबाबूंनी टोकाकडे करंगळीकरिता सातवे भोक पाडले. त्यामुळे पंचमाखालील तीव्र मध्यम हाती आला. एक भोक वाढले यात विशेष ते काय, असे कोणी म्हणेल. परंतु यमन, पूरिया, मारवा, श्री अशा कितीतरी थोर रागांचा प्राण तीव्र मध्यमात आहे. त्या एका छिद्रावाटे हे सर्व राग आपल्या पूर्ण गांभीर्यासह बासरीत शिरले.

युरोपातही बासरीचा इतिहास असाच घडला आहे. तेथील वाद्यवृंदांत बासरीस स्थान होते, परंतु तिची भोके बोटांच्या सोयीने पाडलेली असल्याने काही सूर बेसूर निघत. जर्मनीतील म्यूनिक येथील दरबारी वाद्यवृंदात थिओबाल्ड बोम (१७९४ ते १८८१) नावाचे बासरीवादक होते. सोनारकाम हा त्यांचा मूळ धंदा. त्यांनी भोके ध्वनिशास्त्राप्रमाणे जेथे हवीत तेथे पाडली, आणि बोटे पोहोचत नाहीत तेथे चाव्या बसविल्या. १८३२ साली त्यांनी चाव्यांची नवी रचना केली आणि १८४७ साली धातूची सरळ नळीची बासरी बनविली. जगातील वाद्यवृंदांत आज वाजते ती बहुतेक त्याच वंशातील. बोम यांनी यंत्राची मदत घेतली. पन्नालालबाबूंस ती वाट बंद होती. कारण चावी आली की मींड गेली, आणि मींड गेली की आपले संगीत गेले. म्हणून त्यांनी वेळू वेळूच राहू दिला आणि यंत्राचे काम आपल्या बोटांकडून करून घेतले. वाद्यवृंदात मान खाली घालून बसणाऱ्या दोन वादकांनी, एकाने पश्चिमेत व दुसऱ्याने पूर्वेत, आपापल्या परीने एकाच वाद्याचा उद्धार केला ही मौज लक्षात घेण्यासारखी आहे.

वाद्य सिद्ध झाले, तरी विद्या पुरी झाली नव्हती. पन्नालालबाबूंनी हार्मोनियमचे विख्यात वादक उस्ताद खुशी महंमद यांचे शिष्यत्व पत्करले, आणि पुढे गिरिजाशंकर चक्रवर्ती यांच्याकडेही शिक्षण घेतले. येथे शिकण्यासारखी गोष्ट ही की, बासरी शिकविणारा गुरू मिळत नाही म्हणून ते हात जोडून बसले नाहीत. हार्मोनियमवाल्याकडून घ्यावयाचे ते घेतले, गायकाकडून घ्यावयाचे ते घेतले, आणि ते सर्व बासरीच्या भाषेत स्वतः उतरविले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाचाही त्यांच्या वादनावर ठसा उमटला. हे खाँसाहेब आमच्या महाराष्ट्रात मिरजेस स्थायिक झाले होते. तेव्हा पन्नालालबाबूंच्या सुरात मिरजेचा काही अंश मिसळलेला होता असे आम्ही म्हटल्यास ते अगदीच अप्रस्तुत होणार नाही. १९३८ साली सराईकेला संस्थानच्या छाऊ नर्तकांच्या मंडळीबरोबर ते युरोपच्या दौऱ्यावर गेले. मुखवटे घालून करावयाचे हे नृत्य, आणि त्यास साथ देणारी वेळूची बासरी, हे दोन्ही तिकडील लोकांनी अपूर्वाईने पाहिले व ऐकले.

१९४० साली पन्नालालबाबू मुंबईस आले. स्नेहबंधन हा त्यांनी स्वतंत्रपणे संगीत दिलेला पहिला चित्रपट त्याच वर्षी निघाला. त्या काळी मालाड हे झाडीने वेढलेले शांत खेडेवजा गाव होते, आणि तेथे हिमांशु राय व देविका राणी यांनी १९३४ साली स्थापन केलेली बॉम्बे टॉकीज ही संस्था भरभराटीस आली होती. कलकत्ता, लाहोर, जर्मनी अशा ठिकठिकाणचे कलावंत या संस्थेत एकत्र झाले होते. बारिसालचेच बालमित्र अनिल विश्वास हे त्यापूर्वीच मुंबईस येऊन संगीतकार म्हणून नावारूपास आले होते. त्यांची बहीण पारुल या पन्नालालबाबूंच्या पत्नी. त्या स्वतः सुरेल गायिका होत्या, आणि पार्श्वगायनाच्या त्या आरंभीच्या काळात त्यांचा आवाज घरोघर पोहोचला. १९४२ साली बॉम्बे टॉकीजचा बसंत हा चित्रपट निघाला व गाजला. त्याच्या संगीताचे श्रेय पन्नालालबाबूंच्या नावावर आहे, आणि त्यात अनिल विश्वास यांचाही मोठा हात होता. बालवयातील मधुबाला प्रथम पडद्यावर दिसली ती याच चित्रपटात.

आता पन्नालालबाबूंच्या आयुष्यातील कसोटीचा काळ आला. कीर्ती मिळाली होती, चित्रपटसृष्टीत पैसा मिळू लागला होता, आणि वाट सरळ पुढे जात होती. परंतु चित्रपटाचे गाणे तीनचार मिनिटांचे. रागास तास दीड तास लागतो. चित्रपटात दुसऱ्याच्या प्रसंगास रंग भरावयाचा. मैफलीत आपल्याच अंतःकरणाचा ठाव घ्यावयाचा. ज्या मोठ्या बासरीसाठी एवढी तपश्चर्या केली, ती केवळ नायकनायिकांच्या विरहास साथ करण्यासाठीच काय? हा प्रश्न त्यांना छळीत असला पाहिजे, असे त्यांच्या पुढील आचरणावरून दिसते. त्यांनी चित्रपट एकदम टाकून दिला नाही. संसार चालवावयाचा होता. १९५१ सालच्या आंदोलन या चित्रपटास त्यांनी संगीत दिले. १९५२ सालच्या आँधियाँ या चित्रपटाच्या संगीतकामात अली अकबर खाँ व रविशंकर यांच्याबरोबर त्यांचाही भाग होता. परंतु मनाचा कौल मात्र त्यांनी केव्हाच दिला होता.

१९४७ साली, म्हणजे वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ते मैहरचे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांचे शिष्य झाले. या प्रसंगाचे महत्त्व वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे. त्या वयास देशभर नाव झालेला वादक, ज्याच्या हाताखाली इतर वादक काम करीत, तो पुन्हा विद्यार्थी होऊन जमिनीवर बसला. उस्तादांचा स्वभाव कडक होता आणि त्यांच्या शिस्तीच्या कथा सर्वत्र प्रसिद्ध होत्या. कीर्तीने माणूस फुगतो आणि फुगलेल्या भांड्यात नवे काही मावत नाही. पन्नालालबाबूंनी आपले भांडे पुन्हा रिकामे केले. याच उस्तादांनी पूर्वी मैहर संस्थानात अनाथ मुलांना हाताशी धरून एक वाद्यवृंद उभा केला होता, हेही येथे नमूद केले पाहिजे. कारण पुढे शिष्यावरही तशीच कामगिरी यावयाची होती.

या शिक्षणानंतर पन्नालालबाबूंचे मैफलीतील वादन परिपक्व झाले. ख्यालगायनाचा क्रम, म्हणजे संथ आलाप, विलंबित, मग द्रुत, असा सर्व विस्तार बासरीवर होऊ शकतो हे त्यांनी सिद्ध केले. यमन, श्री, मारवा, दरबारी हे त्यांनी वाजविलेले राग ध्वनिमुद्रणांच्या रूपाने आजही ऐकावयास मिळतात. दीपावली, चंद्रमौली, पुष्पचंद्रिका असे काही नवे रागही त्यांनी रचिले. साथीच्या तंबोऱ्याचा स्वर बासरीशी नीट जुळावा म्हणून त्यांनी लहान आकाराच्या, उंच स्वराच्या तंबोरीचा उपयोग रूढ केला. स्वभावाने ते धार्मिक वृत्तीचे व मितभाषी होते. रामकृष्ण मिशनची त्यांनी दीक्षा घेतली होती. साधना आणि उपासना हे दोन शब्द त्यांच्या कोशात निराळे नव्हते.

मालाडच्या त्यांच्या घरी शिष्य येत. त्यांत बंगाली होते, गुजराती होते, आणि कोकण व कारवार या पट्ट्यातून मुंबईस आलेले तरुणही होते. देवेंद्र मुर्डेश्वर, व्ही. जी. कर्नाड, हरिपद चौधरी ही त्यांतील काही प्रसिद्ध नावे. मुर्डेश्वर हे पुढे त्यांचे जामातही झाले. जी विद्या स्वतःस ठिकठिकाणाहून वेचून आणावी लागली, ती शिष्यांस त्यांनी एका जागी बसवून दिली. आगगाडीच्या शिट्ट्या आणि माडांची सळसळ यांच्या सोबतीने या उपनगरात उत्तर हिंदुस्थानी बासरीचे एक घराणे रुजले, ही गोष्ट आम्हां उपनगरवासीयांस अभिमानाची आहे.

१९५६ साली त्यांस दिल्लीहून बोलावणे आले. आकाशवाणीने १९५२ साली राष्ट्रीय वाद्यवृंद स्थापन केला होता आणि रविशंकर यांनी त्याची घडी बसविली होती. त्याचे संचालकपद आता पन्नालालबाबूंकडे आले. त्या वेळी नभोवाणीचे खाते पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मंत्र्यांकडे होते. चित्रपटगीतांविषयी त्यांची अप्रीती सर्वश्रुत होती. त्यांच्या कारकीर्दीत आकाशवाणीवरून ती गीते काही वर्षे जवळजवळ नाहीशी झाली होती. अशा काळात ज्याने उमेदीची वर्षे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत घालविली, त्याच वादकाच्या हाती राष्ट्रीय वाद्यवृंद सोपविण्यात आला. माणसाची योग्यता त्याने कोठे काम केले यावरून नव्हे, तर ते काम कसे केले यावरून ठरते, हे यावरून दिसून येते.

काम सोपे मुळीच नव्हते. पाश्चात्य वाद्यवृंदात निरनिराळे सूर एकाच वेळी वाजवून त्यांची सुसंगती साधतात, आणि तो सर्व आराखडा कागदावर लिहिलेला असतो. आपले संगीत एका सुरावलीचे. प्रत्येक वादक आपल्या प्रतिभेने तीत भर घालणारा. सतारीचा झंकार क्षणात विरतो, सारंगीचा सूर लांबत राहतो, सरोदची मींड निराळी, व्हायोलिनची निराळी. ज्यांस आयुष्यभर एकट्याने वाजविण्याची सवय, अशा गुणवंतांस एका शिस्तीत बांधावयाचे, आणि तरीही रागाचा आत्मा हरवू द्यावयाचा नाही, ही तारेवरची कसरत होती. स्वतः वाद्यवृंदाच्या कोपऱ्यात बसून वर्षे काढलेल्या माणसासच मागच्या रांगेतील वादकाचे मन कळते. पन्नालालबाबूंनी या वृंदासाठी अनेक रचना केल्या. त्यांतील कलिंगविजय ही विशेष प्रसिद्ध आहे. सम्राट अशोकाने कलिंग देश जिंकला, आणि रणांगणावरील संहार पाहून त्याचे हृदय पालटले, ही कथा शब्दांवाचून केवळ वाद्यांनी सांगण्याचे धाडस तीत आहे. तारुण्यात लाठी व मूठ चालविलेल्या पुरुषाने विजयापेक्षा पश्चात्तापास मोठे मानणारा विषय निवडावा, यात त्यांच्या मनाचा प्रवास दिसतो.

हा प्रवास दुर्दैवाने लवकर संपला. १९६० सालच्या एप्रिल महिन्याच्या २० तारखेस दिल्ली येथे हृदयविकाराने त्यांचे देहावसान झाले. वयाची एकोणपन्नास वर्षेही पुरी झाली नव्हती. दिल्लीत त्यांस जेमतेम चार वर्षे मिळाली. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात मोगल-ए-आझम हा चित्रपट प्रसिद्ध झाला. त्यात त्यांची बासरी आहे. लोकांनी ती चित्रपटगृहांत ऐकली तेव्हा वाजविणारा इहलोकी नव्हता. चार वर्षांपूर्वीच्या बसंत बहार या चित्रपटातही त्यांचीच बासरी वाजली आहे. चित्र पाहणाऱ्या लाखोंना तिने रडविले व हसविले, परंतु त्यांपैकी किती जणांस वादकाचे नाव ठाऊक होते?

त्यांच्यामागे त्यांचे कार्य मात्र थांबले नाही. बंधू निखिल घोष यांनी १९५६ साली मुंबईत संगीत महाभारती ही शिक्षणसंस्था स्थापन केली आणि ती नावारूपास आणली. १९९० साली त्यांस पद्मभूषण हा सन्मान मिळाला. मुर्डेश्वर प्रभृती शिष्यांनी सात भोकांच्या बासरीची परंपरा पुढच्या पिढीकडे सोपविली. पुढे हरिप्रसाद चौरसिया यांनी बासरी जगभर नेली. ते पन्नालालबाबूंचे शिष्य नव्हेत, तरी ज्या लांब बासरीवर त्यांनी कीर्ती मिळविली, ती मैफलीत प्रथम मानाने बसविली ती पन्नालालबाबूंनी. उत्तर हिंदुस्थानी संगीताच्या कोणत्याही मोठ्या महोत्सवात आज बासरीस स्वतंत्र आसन मिळते. कोणी त्यास हरकत घेत नाही; एके काळी हरकत होती हेही पुष्कळांस ठाऊक नाही.

विद्यार्थी मित्रांनो, चरित्रे वाचावयाची ती नावे व सनावळी पाठ करण्यासाठी नव्हेत. तुमच्यापैकी कित्येकांस वर्गात मागच्या बाकावर, खेळात राखीव गड्यांत किंवा शाळेच्या वाद्यपथकात शेवटच्या रांगेत जागा मिळते, आणि तुम्ही खट्टू होता. पन्नालालबाबूंची सुरुवातीची वर्षे अशाच रांगेत गेली. त्यांनी जागा बदलून मागितली नाही. त्या जागेवरून जे दिसते व ऐकू येते ते सारे टिपून घेतले. तुमच्यापैकी कित्येकांस आपली साधने अपुरी वाटतात. पन्नालालबाबूंचे साधन तर दोन पैशांचे होते. त्यांनी त्याची लाज बाळगली नाही व त्याची खोटी स्तुतीही केली नाही. त्यात उणे काय आहे हे शोधले आणि ते भरून काढले. आणि ज्यांस यश लवकर मिळते, त्यांनी छत्तिसाव्या वर्षी पुन्हा शिष्य झालेल्या या पुरुषाचे स्मरण ठेवावे.

पुढे कधी मालाडच्या त्या रस्त्याने जाण्याचा योग आला, तर पाटीवरील नाव वाचून घ्या आणि बरोबर कोणी असेल तर त्यासही ते कोणाचे आहे ते सांगा. शक्य झाल्यास त्यांच्या यमनचे ध्वनिमुद्रण मिळवून, दिवे लागण्याच्या वेळी, घाई न करता ऐका. खालच्या पंचमाखाली जेथे सूर अलगद उतरतो, ती जागा त्यांनी करंगळीकरिता पाडलेल्या त्या सातव्या छिद्राची आहे.